सगळ्यांना थोडं, थोड्यांना सगळं : शाळेतल्या अर्थशास्त्राचा आढावा

राज्य मंडळाच्या शाळेत अर्थशास्त्र नावानिशी भेटतं ते नववीत, आणि तेही भूगोलाच्या पुस्तकात. बारा प्रकरणांच्या या पुस्तकाचं आठवं प्रकरण 'अर्थशास्त्राशी परिचय'. त्यामागोमाग व्यापार, नागरीकरण, वाहतूक व संदेशवहन आणि पर्यटन. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर उभा आहे, त्यात 'अर्थव्यवस्था व व्यवसाय' हे एक प्रकरण. लेखी परीक्षेत सगळ्या भूगोलाला मिळून गुण चाळीस, त्यातले अर्थशास्त्राच्या वाट्याला येतील तेवढे. अकरावीला मात्र एकदम बांध फुटतो. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांपुढे दोन वर्षांत वीस प्रकरणं येऊन पडतात. पैसा, विभाजन मूल्ये, दारिद्र्य, बेरोजगारी, १९९१ नंतरचं आर्थिक धोरण, उपयोगिता, मागणीची लवचिकता, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्तव्यवस्था, नाणेबाजार, परकीय व्यापार.

छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही शाळेची दहावीची तुकडी घ्या. निकालानंतर तिच्यातली बरीच मुलं विज्ञानाला जातात आणि पुढची दोन वर्षं नीट किंवा जेईईच्या शिकवणीत घालवतात. काही आयटीआयला, काही पॉलिटेक्निकला, आणि काहींची शाळा तिथेच सुटते. या सगळ्यांची अर्थशास्त्राशी झालेली शेवटची भेट म्हणजे भूगोलातली ती मोजकी पानं. पुढे त्यांच्यातलाच कुणी वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होतो, कुणी दवाखाना थाटतो, कुणाच्या घरची जमीन बिडकीनला उद्योगांसाठी संपादित होते, कुणी पीककर्जाच्या रांगेत उभा राहतो. मत सगळेच देतात. त्यातले काही जण बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी राजकोषीय तूट म्हणजे काय हे प्रथमच वाचतात.

सगळ्यांना मिळतं ते फार थोडं आणि जे भरपूर आहे ते थोड्यांनाच, अशी ही रचना आहे. शालेय अर्थशास्त्राच्या फेरविचाराची चर्चा बहुधा अकरावी-बारावीच्या पुस्तकांभोवती फिरते. माझ्या मते ती नववी-दहावीपासून सुरू व्हायला हवी, कारण सगळी मुलं एकत्र असण्याचा तो शेवटचा टप्पा आहे. वेळही आत्ताच आहे. राज्याने २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गापासून टप्प्याटप्प्याने सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम आणायला घेतला आहे आणि नववी-दहावीची पाळी पुढच्या टप्प्यांत यायची आहे.

काय होतं, काय गेलं

२०१८ मध्ये दहावीची पुस्तकं बदलली. त्याआधीच्या पुस्तकाच्या नावातच भूगोलाच्या जोडीला अर्थशास्त्र होतं. अर्थव्यवस्थेची ओळख आणि तिच्या मूलभूत समस्या यांच्यासोबत भाववाढ, सार्वजनिक वितरण व्यवस्था आणि ग्राहक संरक्षण हे विषय त्यात होते. मांडणी कोरडी होती, प्रश्न साचेबद्ध होते, हे खरं. पण रेशनचं दुकान, वाढणारे भाव आणि फसवणुकीची तक्रार या तिन्ही गोष्टी सोळा वर्षांच्या मुलाच्या घरातल्या होत्या. नव्या पुस्तकात भूगोल म्हणून सुधारणा झाली, नकाशे आणि आलेख वाचायला लावणारे प्रश्न आले. त्या बदल्यात हे तीन विषय अनिवार्य शिक्षणातून बाहेर पडले, आणि त्यावर फारशी चर्चा झाल्याचं दिसलं नाही.

खरं तर मराठीत हा विषय सामान्य वाचकाला सांगण्याची परंपरा जुनी आहे. लोकहितवादींचं 'लक्ष्मीज्ञान' १८४९ चं, कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्र परिभाषा' १८५५ ची. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला, त्यात कर, कर्ज, नोकरशाही आणि शेतीचं उत्पन्न यांचा जो हिशेब आहे तो अर्थशास्त्रच आहे. धनंजयराव गाडगीळ, वि. म. दांडेकर, नीळकंठ रथ यांच्यामुळे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं नाव देशभर झालं. दांडेकर-रथ यांचा भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास १९७१ चा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं ज्या कामांवर गेली, त्यातून घडलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याला तिचाच आधार मिळाला. आजी-आजोबांनी खडी फोडल्याच्या आठवणी इथल्या अनेक घरांत आहेत. त्या आठवणींमागे एक आर्थिक विचार होता, हे मात्र दहावीपर्यंत मुलाला कुणी सांगत नाही.

याहून मोठी गैरहजेरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज त्यांनी याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलं, पुढे तेच मिलिंद महाविद्यालय झालं. इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मुलांना ते संविधानाचे शिल्पकार म्हणून ठाऊक असतात. ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात हाच विषय शिकवत होते आणि रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा त्यांचा १९१८ चा निबंध तर गंगापूर-वैजापूरच्या वर्गात आजही चर्चेला घेता येईल. जमिनीचे तुकडे झाले हे दुखणं नसून लक्षण आहे; जमिनीवर जगणारी माणसं गरजेपेक्षा जास्त आहेत, म्हणून उद्योग वाढवून तो भार उतरवायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. एक भाऊ शेतात आणि एक भाऊ एमआयडीसीत अशी विभागणी झालेल्या घरातलं मूल या म्हणण्यावर स्वतःचं मत देऊ शकेल.

'मी सहमत आहे. कारणे :'

अकरावी-बारावीच्या पुस्तकांवर उथळपणाचा आरोप करता येणार नाही. महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे, सांख्यिकी आहे, सार्वजनिक वित्त आहे. अडचण क्रमाची आहे. बारावीत प्रास्ताविक प्रकरणानंतर उपयोगितेपासून सुरुवात होते, मग मागणी, लवचिकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार. म्हणजे एकट्या उपभोक्त्याचा हिशेब आधी, आणि तो ज्या समाजात राहतो तो समाज नंतर. आधी व्याख्या, मग वैशिष्ट्यं, मग महत्त्व, शेवटी मर्यादा, अशा ठरलेल्या पायऱ्यांनी प्रत्येक संकल्पना चढायची. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली का उतरतो हे मूल बिनचूक लिहितं. कांद्याचा भाव पडला तर शेतकरी पुढच्या हंगामात काय करेल, असं विचारलं की ते थबकतं, कारण तो प्रश्न कुठल्याच प्रकरणाखाली येत नाही.

परीक्षेचा एक प्रश्नप्रकार या सगळ्याचं सार सांगतो : 'खालील विधानांशी आपण सहमत आहात की नाही, ते सकारण स्पष्ट करा.' प्रश्न चांगला आहे, मुलाकडे मत मागणारा आहे. प्रत्यक्षात मात्र बाजारातल्या प्रश्नसंचांत प्रत्येक विधानाचं ठरलेलं उत्तर छापलेलं असतं. 'होय, मी या विधानाशी सहमत आहे' किंवा 'नाही, मी सहमत नाही', आणि खाली चार मुद्दे. तेच पाठ होतं, त्यालाच गुण मिळतात. मत मागणारा प्रश्न पाठांतराचा झाला, यात दोष एकट्या शिक्षकाचा नाही. एकाच नमुना उत्तराशी ताडून शेकडो उत्तरपत्रिका तपासायच्या असतील, तर वेगळ्या पण नीट मांडलेल्या मताला जागा उरत नाही.

तयार असलेले तीन उपाय

पहिला उपाय आर्थिक साक्षरतेचा. रिझर्व्ह बँक, सेबी आणि विमा व निवृत्तिवेतन क्षेत्रांचे नियामक यांनी मिळून २०१३ मध्ये राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र उभारलं. त्याच्या २०१९ च्या पाहणीत देशातले २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले. सहावी ते दहावीसाठी कार्यपुस्तिका तयार झाल्या. बचत, विमा, व्याज, फसव्या योजना हे सगळं त्यात आहे आणि ते हवंच. पण तेवढ्याने अर्थशास्त्र शिकवलं असं होत नाही. पतसंस्था बुडाली की ठेवीदारांचे मोर्चे निघतात, हे या शहराने पाहिलं आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, ही माहिती साक्षरतेच्या तासात मिळेल. जास्त व्याज दिसत असलं तरी सावध राहा, हा सल्लाही मिळेल. मग माणसं पतसंस्थेकडे का जातात, बँक त्यांना दारात का उभी करत नाही, नियामक वेगळे का आणि लेखापरीक्षण कुणाचं, हे प्रश्न अर्थशास्त्राचे. ते वगळले, तर बुडालेल्या प्रत्येकाला 'तूच नीट पाहिलं नाहीस' एवढंच ऐकावं लागेल.

दहावीची मुलं वर्षभर ज्या ब्राझीलबद्दल वाचतात, तिथला अनुभव या बाबतीत बोलका आहे. २०१०-११ मध्ये तिथल्या सहा राज्यांत ८९२ माध्यमिक शाळांतल्या सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांवर वित्तीय शिक्षणाचा मोठा प्रयोग झाला. मुलांचं ज्ञान वाढलं, बचतीकडे कल वाढला, पालकांवरही परिणाम दिसला. त्याच वेळी महागडं कर्ज आणि हप्त्यांची खरेदी वापरण्याचं प्रमाणही वाढलेलं आढळलं. पैशाची साधनं कळली की ती वापरली जातात, शहाणपणानेच वापरली जातात असं नाही.

दुसरा उपाय सीबीएसईचा. एकाच गल्लीतली दोन मुलं आज वेगवेगळं अर्थशास्त्र शिकतात. राज्य मंडळाचं मूल ब्राझील वाचत असताना शेजारचं सीबीएसईचं मूल गेली अनेक वर्षं नववीत पालमपूर या गावाची गोष्ट, दारिद्र्य आणि अन्नसुरक्षा शिकलं. दहावीत विकास म्हणजे काय, पैसा आणि पत, जागतिकीकरण, ग्राहकांचे हक्क. त्या अभ्यासक्रमात अर्थशास्त्राला स्वतंत्र पुस्तक राहिलं आणि पैसा-पतीच्या प्रकरणात बचत गटही आले. अर्थशास्त्र माणसांच्या जगण्यातून सुरू व्हावं, हा २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यामागचा विचार त्यात दिसतो. मध्य प्रदेशात एकलव्य संस्थेने मोजक्या शाळांत केलेलं सामाजिक शास्त्रांचं काम त्याच्या आधीचं. पण पालमपूर हे गाव उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातल्या एका गावाच्या अभ्यासावरून रचलेलं आहे. तिथे कूपनलिकांचं पाणी आहे, गहू आहे, वर्षाला दोन-तीन पिकं आहेत. पैठण तालुक्यातल्या मुलाला त्या गावाचा अभ्यास करून आपलं गाव कळणार नाही. साचा उसना घेता येईल, गाव आपलंच घ्यावं लागेल.

तिसरा उपाय विद्यापीठांतून आलेला. २००० साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी अर्थशास्त्राच्या अध्यापनाविरुद्ध आवाज उठवला. २००८ च्या अरिष्टानंतर मँचेस्टरपासून अनेक विद्यापीठांत तशाच संघटना उभ्या राहिल्या. एकाच विचारपंथाची सूत्रं शिकवू नका, इतिहास शिकवा, मतभेद शिकवा, अशी त्यांची मागणी होती. त्यातून आणि त्याला समांतर 'कोअर' हा प्रकल्प सुरू झाला. त्याची मोफत पाठ्यपुस्तकं विषमता, तंत्रज्ञान, हवामानबदल अशा प्रश्नांपासून सुरुवात करतात आणि प्रतिमानं गरज पडेल तेव्हा आणतात. चर्चा पदवीची असली, तरी त्यातला एक धडा शाळेला लागू पडतो : प्रश्न आधी, परिभाषा मागून.

शहर हेच प्रश्नपत्रिका

पाचवीपर्यंत आपल्याकडे 'परिसर अभ्यास' हा विषयच असतो. नंतर परिसर पुस्तकातून हळूहळू निघून जातो. अर्थशास्त्रासाठी तो परत आणायचा तर या जिल्ह्यात सामग्रीची वाण नाही.

सगळ्यात मोठा धडा जायकवाडीचा. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेल्या आणि १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणावर शहराचं पिणं, वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने आणि जालना, परभणी, बीडपर्यंतची शेती अवलंबून आहे. वरच्या अंगाला नाशिकची द्राक्षं आणि नगरचा ऊस. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आणलं. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचं गणित मांडलं : पावसाळ्याअखेर जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी गेलं, आणि उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. पाणी एका कामाला दिलं की दुसरं कोणतं सोडावं लागतं, त्या कारखान्यातल्या मजुराच्या रोजीचं काय, पाण्याचा भाव वाढवला तर कोण वापर कमी करेल आणि कोण करूच शकणार नाही? दुर्मिळता, संधीखर्च, मालकी, समन्याय हे सारं एका धरणात भरलेलं आहे.

तेच पाणी शहरात आलं की वेगळा प्रश्न होतं. नळाला बरीच वर्षं आठ-दहा दिवसांनी पाणी येत आलं आहे, गुंठेवारी वसाहतींत टँकर फिरतो, घरोघरी जार येतो. नळाचं पाणी लिटरला किती पैशांत पडतं, टँकरचं किती आणि जारचं किती, हा हिशेब नववीचं मूल आठवड्याभरात मांडू शकतं. सर्वात महाग पाणी कोण पितं हे त्याच्या वहीत आपोआप उतरेल. २०२० मध्ये सुरू झालेल्या १,६८० कोटींच्या पाणीयोजनेचा खर्च पुढे का वाढला, हा त्याच्या पुढचा धडा.

दुसरा तास जाधववाडीच्या बाजार समितीत होऊ शकतो. दहावीच्या भूगोलाचं पहिलंच प्रकरण 'क्षेत्रभेट' आहे, म्हणजे सोयही आहे. खुलताबाद-कन्नडचं अद्रक, मका, सोयाबीन यांचा लिलाव कसा होतो, आडत कोण देतं, हमाली-तोलाई किती, सकाळचा भाव दुपारी का उतरतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं. सूतगिरण्यांना हायसं वाटलं, शेतकरी संघटना संतापल्या. दोघांची पत्रकं वर्गात वाचायची आणि कुणाचं काय गेलं ते आकड्यांत मांडायचं. 'सहमत आहात का' हा प्रश्न इथे खरा होतो.

तिसरा उद्योगाचा. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. त्याच्याभोवती सुट्या भागांचे लहान-मोठे कारखाने उभे राहिले. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉन होती, तिचं प्रकरण २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. मोठी कंपनी बुडते तेव्हा आधी कुणाचे पैसे फेडले जातात, बँकेचे, पुरवठादाराचे की कामगाराचे? २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथे सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला. बिडकीनच्या जमिनीचा भाव, कायम नोकऱ्या, कंत्राटी नोकऱ्या आणि करसवलती या चार रकान्यांत मुलांनी पुढची काही वर्षं माहिती भरत राहावं.

आणि चौथा प्रश्न मराठवाड्याचाच. वि. म. दांडेकरांच्याच समितीने १९८४ मध्ये राज्याची सरासरी हे माप धरून जिल्ह्यांच्या विकासाचा अनुशेष मोजला. एकूण सुमारे ३,१८७ कोटींच्या अनुशेषात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा निघाला. केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा मोजदाद केली. सरासरी हे माप कुणाला झाकतं, हे कळण्यासाठी अकरावीतली विभाजन मूल्ये, म्हणजे आकड्यांचे समान गट पाडणारी मापं, लागतात. आज ती गणित सोडवण्यापुरती येतात. तालुकावार आकड्यांवर वापरली, तर ती कशासाठी जन्मली हे मुलांना कळेल.

अडचणी खऱ्या आहेत

शाळेत सामाजिक शास्त्रं शिकवणारे बहुतेक शिक्षक इतिहास किंवा भूगोल घेऊन आलेले असतात. अर्थशास्त्राचं प्रकरण त्यांना परकं वाटतं, आणि परकं प्रकरण वाचून दाखवलं जातं. दुसरी भीती राजकारणाची. पाणी, हमीभाव, आरक्षणाशी जोडलेली बेरोजगारी, ऊसतोडीची उचल हे विषय वर्गात काढले तर पालक काय म्हणतील? वर्गात ऊसतोड कामगाराचं मूल असेल आणि मुकादमाचंही. पुस्तकी व्याख्या त्यामानाने सुरक्षित. तिसरी अडचण वेळेची आणि साठ-सत्तर मुलांच्या तुकड्यांची. चौथी परीक्षेची, आणि ती पहिल्या तिन्हींना धरून ठेवते. जे विचारलं जात नाही ते शिकवलं जात नाही.

म्हणून बदल परीक्षेकडून सुरू करणं शहाणपणाचं. सामाजिक शास्त्रांत अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण आहेतच. त्यात पाणी, बाजार किंवा उद्योग यांपैकी एकावर मुलांनी स्वतः गोळा केलेल्या आकड्यांचा अहवाल घ्यावा. लेखी पेपरात अनोळखी तक्ता किंवा बातमी देऊन एक प्रश्न असावा आणि त्याच्या गुणदानात मताला नव्हे, कारणांना गुण असावेत. राजकारणाच्या भीतीवरही हाच उतारा : शिक्षकाने बाजू घ्यायची नाही, दोन बाजूंचे मूळ कागद ठेवायचे. शिक्षकांच्या तयारीसाठी विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राध्यापक जवळच आहेत. त्यांनी जिल्ह्यापुरती पन्नास पानांची पुस्तिका करावी आणि दरवर्षी तिच्यातले आकडे बदलावेत. रेशन, भाववाढ आणि ग्राहकहक्क नववी-दहावीत परत यावेत. अकरावीत विज्ञानाच्या मुलालाही अर्थशास्त्र घेता यावं. शाखांच्या भिंती पातळ करण्याचं २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण त्याच्या आड येत नाही, वेळापत्रक येतं.

नववी-दहावीची नवी पुस्तकं येतील तेव्हा त्यांची पारख करायला एक कसोटी पुरेल. कापसाचं आयातशुल्क उठलं किंवा वरच्या धरणांतून पाणी सोडायचा आदेश निघाला, अशी बातमी दहावी झालेल्या मुलापुढे ठेवावी. तिच्यात कोण मिळवतं, कोण गमावतं आणि बोलणाऱ्याचा दावा कोणत्या आकड्यावर उभा आहे, हे त्याला सांगता यायला हवं. ते जमलं नाही, तर मुखपृष्ठावर कोणत्या मंडळाचं नाव आहे याने फारसा फरक पडणार नाही.